कोळसा चोरणारा मॉन्टी आणि खाण कामगारांचा संप

वैरागच्या कोणत्याही गल्लीत दिवेलागणीच्या वेळी डोकावून पाहा. उंबऱ्यावर नाहीतर ओट्यावर तीन-चार पोरे एकाच मोबाईलवर वाकलेली दिसतील. एक खेळतो, बाकीचे त्याला सल्ले देतात. आई जेवायला हाका मारून थकते. बाप शेतातून किंवा बांधकामावरून आलेला असतो, तो एकदा ओरडतो आणि स्वतःच शेजारी बसून पाहू लागतो. या खेळांविषयी आपल्या घरांत बोलले जाते ते एकाच सुरात. पोरे वाया गेली, डोळे गेले, अभ्यास बुडाला. त्यात खोटे काही नाही. परंतु त्या खेळात नायक कोण आहे, कोणाला मारायचे आहे, कोणाला चोर ठरवले आहे, हे आपण कधी विचारले आहे काय? सिनेमा पाहताना आपण ते विचारतो. शाळेच्या पुस्तकातल्या धड्याविषयीही विचारत आलो. खेळाला मात्र आपण 'पोरांचा नाद' म्हणून सोडून देतो.

म्हणून आज वाचक बंधू-भगिनींसमोर एका जुन्या संगणकीय खेळाची हकीकत ठेवीत आहोत. खेळ परदेशातला आहे, चाळीस वर्षांपूर्वीचा आहे. पण त्याचा विषय कामगारांचा संप हा आहे आणि संप म्हणजे काय हे आपल्या घरांना वेगळे सांगायला नको.

एकच पात्र घेऊन एकामागून एक खेळ काढायचे, ही रीत या धंद्यात पहिल्यापासून आहे. आपल्याकडच्या पोरांना त्यातला ठाऊक असलेला गडी म्हणजे मारिओ. १९९० च्या दशकात टीव्हीला जोडायचे गेम आले, तासावर पैसे घेऊन खेळवणारी दुकाने निघाली, तेव्हा लाल टोपीचा, मिशावाला मारिओ खेड्यापाड्यापर्यंत पोचला. हा मारिओ १९८१ साली जपानी कंपनीच्या एका खेळात पहिल्यांदा आला तेव्हा सुतार होता. पुढे १९८३ साली तो नळकाम करणारा झाला. म्हणजे कामगारच. पण तो नळ दुरुस्त करताना कोणी पाहिला आहे? तो राजकन्येला सोडवायला धावतो. त्याच वर्षी, १९८३ साली, इंग्लंडमध्ये मॅथ्यू स्मिथ नावाच्या तरुणाने 'मॅनिक मायनर' हा खेळ लिहिला. त्याचा नायक विली हा खाण कामगार. त्याला खाणीत संपत्ती सापडते आणि १९८४ सालच्या दुसऱ्या खेळात तो हवेलीचा मालक होऊन बसतो! खाणीत उतरणारा माणूस श्रीमंत झाला, ही गोष्ट खऱ्या खाण कामगाराला सांगितली असती तर तो हसलाच असता.

त्याच १९८४ साली, उत्तर इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात, ग्रेमलिन ग्राफिक्स नावाच्या नव्या कंपनीने 'वॉन्टेड: मॉन्टी मोल' हा खेळ काढला. स्पेक्ट्रम संगणकासाठी तो पीटर हॅरॅप या तरुणाने लिहिला. मोल म्हणजे जमिनीखाली बिळे करून राहणारा, चिचुंद्रीसारख्या तोंडाचा एक लहान प्राणी. इंग्लंडच्या शेतांत तो फार. आपल्याकडे तो नाही, म्हणून त्याला सोपे मराठी नावही नाही. पण नाव तसेच ठेवले तरी बिघडत नाही. आपल्या भाषेत मोल म्हणजे मजुरी, मोलाने काम करणारी ती मोलकरीण. मॉन्टी त्या अर्थानेही आपल्याच गोतातला निघाला.

हा खेळ चालायचा ते यंत्र कसे होते हे थोडे सांगितले पाहिजे. स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक १९८२ साली क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने काढला. मोठ्या पुस्तकाएवढी काळी पेटी, वर रबरी कळा, आणि पडदा म्हणून घरातलाच टीव्ही. किंमत १२५ पौंडांपासून पुढे. त्या देशाच्या मानाने ती स्वस्त होती, कामगाराच्या घरातही तो येऊ शकत होता, आणि या हकीकतीत ही गोष्ट महत्त्वाची आहे. खेळ मिळायचा साध्या कॅसेटवर. होय, तीच कॅसेट! आपल्या वस्तीत ज्या टेपरेकॉर्डरवर भीमगीते लागायची, तसलाच टेपरेकॉर्डर वायरने संगणकाला जोडायचा आणि कॅसेट चालू करायची. गाण्याऐवजी कर्कश किंकाळ्या ऐकू यायच्या. तो आवाज म्हणजेच खेळाची आज्ञावली. पाच मिनिटे, कधी त्याहून जास्त वेळ पोरे श्वास रोखून बसायची. आवाज कमी-जास्त झाला, फीत ताणलेली असली, तर शेवटच्या क्षणी सगळे फुकट आणि कॅसेट पुन्हा मागे फिरवायची. पेन्सिल घालून कॅसेट फिरवलेल्या आपल्या पिढीला हे अधिक सांगायला नको.

त्या संगणकाची स्मृती ४८ किलोबाइट. म्हणजे साधारण ४९ हजार इंग्रजी अक्षरे, एखाद्या पातळ पुस्तिकेत मावतील एवढी. आज मोबाईलवर आलेला एक फोटोही त्याच्या कितीतरी पट जागा खातो. एवढ्या चिंचोळ्या जागेत त्या पोरांनी खाण उभी केली, तिच्यात शिड्या, कोळशाच्या गाड्या, वरून अचानक आदळणारी चिरडयंत्रे बसवली आणि एक इवलासा मॉन्टी पळवला. कसबी कामच म्हणायचे.

आता त्या वर्षी बाहेर काय चालले होते ते पाहू.

मार्च १९८४ मध्ये ब्रिटनच्या सरकारी कोळसा मंडळाने वीस खाणी बंद करण्याचा बेत जाहीर केला. वीस हजार नोकऱ्या जाणार होत्या. दक्षिण यॉर्कशायरमधल्या कॉर्टनवुड खाणीपासून ठिणगी पडली आणि एक लाखाहून अधिक खाण कामगार संपावर गेले. पंतप्रधान मार्गारेट थॅचर, मंडळाचे अध्यक्ष इयान मॅकग्रेगर, आणि कामगारांच्या बाजूला युनियनचे अध्यक्ष आर्थर स्कारगिल. या युनियनने १९८३ सालीच आपले मुख्यालय लंडनहून शेफिल्डला हलवले होते. म्हणजे संपाचे डोके आणि मॉन्टीचा खेळ काढणारी कंपनी एकाच गावात! १८ जून १९८४ रोजी ऑरग्रीव्ह येथे घोडेस्वार पोलिसांनी कामगारांवर चाल केली. जुलैमध्ये थॅचरबाईंनी संपाच्या पुढाऱ्यांना 'आतले शत्रू' म्हटले.

संप जवळजवळ वर्षभर चालला. युनियनकडून कामगारांना संपाचा पगार मिळत नव्हता. तरीही तो मिळतोच आहे असे गृहीत धरून सरकारने त्यांच्या बायकामुलांच्या सरकारी मदतीतून आठवड्याला १५ पौंड कापले. गावोगावच्या बायकांनी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली. खाण कामगाराच्या घराला मजुरीचा भाग म्हणून कोळसा मिळत असे, तो बंद झाला. तिकडची थंडी म्हणजे आपल्याकडची माघातली थंडी नव्हे. चूल आणि शेगडी विझली तर घरात लहान मूल राहू शकत नाही. मग लोक खाणीच्या कचऱ्याच्या टेकाडांतून, रेल्वेच्या भरावांतून कोळशाचे तुकडे वेचू लागले. ज्यांनी जन्मभर जमिनीखालून कोळसा काढला, त्यांनाच कोळसा चोरला म्हणून पकडले गेले.

मॉन्टीची गोष्ट नेमकी हीच आहे. कडाक्याची थंडी, घरात कोळसा नाही, म्हणून मॉन्टी दक्षिण यॉर्कशायरमधल्या जवळच्या खाणीत कोळसा चोरायला शिरतो. खेळणाऱ्याने त्याला उड्या मारायला लावायच्या, दोरावरून चढवायचे, कोळसा गोळा करायचा. आणि शेवटी गाठ पडते ती कोणाशी? थॅचरबाईंशी नाही, मॅकग्रेगरशी नाही. शेवटी बसला आहे तो स्कारगिल, युनियनचा पुढारी, व्यंगचित्र होऊन! संप चालू असतानाच हा खेळ दुकानात आला, त्यामुळे वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीनेही त्याची बातमी केली. खेळ खपला. थट्टा तरी कशाची, तर ज्या संपात अजून लोक उपाशी होते त्याची.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, दक्षिण यॉर्कशायरमधल्याच गोल्डथॉर्प गावी, पंधरा आणि चौदा वर्षांचे दोन भाऊ भरावात कोळसा खणत होते. माती कोसळली आणि दोघेही गाडले गेले. मॉन्टीचा खेळ खेळण्याच्या वयाचीच ती मुले. मॉन्टीला एका कॅसेटमध्ये अनेक जीव दिलेले असतात, यंत्राखाली सापडला तर तो पुन्हा उभा राहतो. गोल्डथॉर्पची पोरे उभी राहिली नाहीत. हे दोन प्रसंग शेजारी ठेवल्यावर आम्हाला तो खेळ पूर्वीसारखा पाहता येत नाही, हे सांगितले पाहिजे.

तर मग हा खेळ कामगारविरोधी आहे काय? असे एका शब्दात म्हणायला आम्ही तयार नाही.

पुढाऱ्याची थट्टा केली म्हणजे कामगारांचा द्रोह झाला, हे आपल्याला पटण्यासारखे नाही. आपल्या इतिहासात युनियनच्या पुढाऱ्यांना जाब विचारला गेला आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला, पण तेथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपात डॉ. बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला. त्याच बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारांचा संपाचा हक्क हिरावणाऱ्या विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांसोबत एक दिवसाचा संप घडवून आणला. पुढाऱ्याला प्रश्न विचारणे वेगळे आणि मालकाची बाजू घेणे वेगळे, हा विवेक आपल्याला त्यांनी शिकवला आहे. मॉन्टीच्या खेळात मालकच नाही, ही आमच्या मते खरी खोट आहे. खाण आहे, यंत्रे आहेत, पुढारी आहे, भुकेला चोर आहे. खाण बंद करणारा कोठेच दिसत नाही.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. खेळणाऱ्या पोराचे मन कोणाकडे जाते? मॉन्टीकडे. थंडीने कुडकुडणारा, हातात काही नसलेला, कोळशासाठी जिवावर उदार झालेला तो जीव. कायद्याने तो चोर आहे, पण लाखो पोरे त्याच्याच बाजूने खेळली. पोराच्या बोटांनी न्याय केला तो असा. खेळ लिहिणाऱ्यांनी ते ठरवून केले की नाही, त्याने काही फरक पडत नाही.

असो. मॉन्टीचे पुढे काय झाले ते ऐका. पहिल्या खेळाच्या शेवटी त्याला अटक होते. १९८५ सालच्या 'मॉन्टी इज इनोसंट' मध्ये तो तुरुंगात आहे आणि त्याचा मित्र त्याला सोडवायला येतो. त्याच वर्षी 'मॉन्टी ऑन द रन' आला. तुरुंगात व्यायाम करून मॉन्टी कोलांटउडी शिकला आहे, आणि आता पोलिसांना चुकवून त्याला जहाज गाठायचे आहे, देश सोडायचा आहे. निघताना पाच वस्तू बरोबर घ्यायच्या, त्या चुकीच्या निवडल्या तर वाटेत अडकलाच. कमोडोर या दुसऱ्या संगणकावर या खेळाला रॉब हबर्ड यांनी दिलेले संगीत इतके गाजले की आजही त्याच्या आठवणी काढणारे लोक आहेत. १९८७ साली 'आउफ विडरझेन मॉन्टी' आला. हे नाव त्या काळच्या एका गाजलेल्या टीव्ही मालिकेवरून घेतले होते. मालिका होती इंग्लंडमध्ये काम नाही म्हणून जर्मनीत बांधकामावर गेलेल्या मजुरांची! या खेळात मॉन्टी युरोपभर भटकून पैसे जमवतो आणि ग्रीसमधले एक बेट विकत घ्यायचे पाहतो. त्याच साली नाताळात एका संगणक मासिकाबरोबर एक छोटा खेळ फुकट वाटला. आणि १९९० साली 'इम्पॉसामोल' मध्ये मॉन्टी अंगरखा फडकावीत आला, सुपरमॅनसारखा.

कोळसा चोरणारा, मग कैदी, मग फरारी, मग पोटासाठी परमुलखात फिरणारा. इथपर्यंत ही आमच्या ओळखीची वाट आहे. वैरागहून किती जण कोयता घेऊन उसाच्या फडात गेले, किती पुण्याला बिगारी म्हणून, याचा हिशेब प्रत्येक घराकडे आहे. शेवटचा अंगरखा मात्र आम्हाला परका वाटतो. त्या खेळात खाण नाही, थंडी नाही. खाणींचेही तसेच झाले. ३ मार्च १९८५ रोजी कामगारांनी काही पदरात न पडता संप मागे घेतला. त्यानंतर खाणी एकापाठोपाठ बंद होत गेल्या, उरलेल्या १९९४ साली खासगी मालकांकडे गेल्या, आणि डिसेंबर २०१५ मध्ये यॉर्कशायरमधली केलिंग्ली ही ब्रिटनची शेवटची खोल कोळसा खाण बंद झाली.

हे वाचताना मुंबईचा संप आठवला नाही, असे आपल्यात कोण असेल? १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो तसाच विरून गेला. माणसे गावी परतली. कोकणात परतली, सातारा-सांगलीकडे परतली, आपल्या सोलापूर जिल्ह्यातही परतली. सोलापूर आणि बार्शीच्या गिरण्यांच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या आपल्या भागाला गिरणी बंद पडणे म्हणजे काय ते पुढे स्वतःच्या दारात पाहावे लागले. मुंबईच्या त्या दुःखावर जयंत पवार यांनी 'अधांतर' हे नाटक लिहिले, त्यावरून २०१० साली 'लालबाग परळ' हा सिनेमा आला. कविता झाल्या, कथा झाल्या. पोराने हातात घेऊन खेळावा असा खेळ काही आमच्या पाहण्यात आला नाही. उलट लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात १९९० च्या दशकाच्या अखेरीस बोलिंगचा खेळ सुरू झाला आणि पुढे मोठा मॉल झाला. साच्यांच्या जागी खेळ आले ते असे, पैसेवाल्यांच्या पोरांसाठी.

खेळ काढायला काय लागते? मॅथ्यू स्मिथ यांनी 'मॅनिक मायनर' लिहिला तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. तिकडच्या अनेक पोरांनी घरच्या स्वस्त संगणकावर, मासिकात छापून आलेल्या आज्ञावल्या टाइप करून करून, ही विद्या उचलली. कॉलेज नाही, क्लास नाही. यंत्र घरात होते एवढेच. आपल्याकडे १९८४-८५ साली केंद्र सरकारने निवडक २५० शाळांत संगणक देण्याची योजना सुरू केली. पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन तोच स्पेक्ट्रम भारतात विकला. पण संगणकाला हात लावायला मिळालेली ती पोरे कोणत्या वस्तीतली होती, हे सांगण्याची गरज आहे काय? वैरागच्या आपल्या पोरांनी त्या काळात संगणक पाहिला तो चित्रात. आज परिस्थिती तशी नाही. खेळ बनवण्याची साधने इंटरनेटवर फुकट मिळतात, मोबाईल घरोघर आहे, आणि आपल्या समाजाची पोरे पुण्याच्या संगणक कंपन्यांत कामाला आहेत. त्यांतल्या एखाद्याला वाटले तर गिरणीचा भोंगा, चाळ, संप, वाणसामानाची उधारी हे सारे पडद्यावर आणणे अवघड नाही.

आमच्या नात्यातला असाच एक मुलगा गेल्या उन्हाळ्यात वैरागला आला होता. जुन्या संगणकाची नक्कल करणारी आज्ञावली मिळते, ती त्याने लॅपटॉपवर घातली होती आणि तीवर मॉन्टीचा पहिला खेळ लावून दिला. बाहेर उन्हाची काहिली, पत्रा तापलेला, आणि पडद्यावर यॉर्कशायरची थंडी. पोरे आधी हसली. रंग फक्त आठ, चित्रे ठोकळ्यासारखी. मग अर्ध्या तासात भांडू लागली की माझी पाळी, माझी पाळी. खेळ कठीण आहे. आजच्या खेळांसारखा तो लाड करीत नाही, एक उडी चुकली की मेलाच.

त्यांतल्या धाकट्या पोरीने विचारले, "पण हा कोळसा चोरतो कशाला? दुकानातनं इकत का घेत नाही?"

मुलगा सांगू लागला, त्या वर्षी तिकडे मोठा संप होता वगैरे. घरातली आजी दाराशी निवडण-टिपण करीत बसली होती. तिचे मालक परळच्या गिरणीत होते, त्र्याऐंशी साली दोन पोरांसह ती वैरागला परत आली होती. तिने पडद्याकडे पाहिलेही नाही.

"संपात कोण इकत घेतंय?" ती म्हणाली. "आमचा तर पयला पितळंचा हंडा गेला."

"कुठं गेला, आज्जी?" पोरीने विचारले.

"मारवाड्याकडं," म्हातारी म्हणाली, आणि सूप खाली ठेवून हंड्यामागून काय काय गेले ते तिने बोटांवर मोजायला घेतले.